कोटमामांचा फाटका खिसा

कोटमामांच्या कोटाचा फाटका खिसा मी शिंप्याकडून शिवून आणला.

एवढीच माझी चूक. कुणी म्हणेल, यात चूक ती काय? शेजाऱ्याचं फाटलेलं शिवून देणं हे तर पुण्याचं काम. मलाही तसंच वाटलं होतं. आणि पुण्य उसवू नये म्हणून मी शिंप्याला दुहेरी टाके घालायला लावले होते.

पण आधी कोटाबद्दल सांगायला हवं. दिग्रसच्या उन्हाळ्यात माणसं अंगातला सदरासुद्धा काढून खुंटीला लावतात. त्याच उन्हाळ्यात एक माणूस गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट घालून भर दुपारी रस्त्याने जायचा. तेच कोटमामा; त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. हिवाळाभर ते सरकी काढायच्या गिरणीत, म्हणजे जिनमध्ये, कापसाच्या गठाणी बांधायच्या कामावर असत, तेव्हा अंगात नुसती बंडी. हंगाम सरला, जिनचा भोंगा थांबला, की पेटीतून कोट निघे आणि गठाणी बांधणारा माणूस जादूगार होई. मी तेव्हा तिथल्या शाळेत नवा मास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्याने आलेला. पहिल्याच उन्हाळ्यात मी विचारलं, "मामा, उकडत नाही का?"

"उकडते ना बाप्पा," ते म्हणाले. "पन जादू बंडीत मावत नाही."

पडदा, टेबल, रंगीत पेटारा असलं त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यांची जादू चालती. लग्नाचं वऱ्हाड जिथे उतरवलेलं असे त्या जानोशात, किंवा पंगत बसल्यावर वाढपी येईपर्यंत, ते माणसामाणसांतून फिरत. याच्यापुढे उकिडवे बसले, त्याच्या टोपीतून सुपारी काढली, पुढच्याकडे सरकले. मुलींचे बाप त्यांना आवर्जून बोलावत. कारण रिकाम्या पोटी माणसाला मानपान फार आठवतो, आणि आमच्याकडे बुंदीला उशीर झाला म्हणून वऱ्हाडानं बैल जुंपायला घेतल्याची उदाहरणं होती.

लग्नाला निघायच्या सकाळी सामान निवडण्याचा कार्यक्रम चाले. अंगणात खाटेवर जुनं धोतर पसरून त्यावर सगळं मांडलेलं असे: सुपाऱ्या, चुन्याची डबी, रिठे, सुताची गुंडी, रुमाल, हळकुंडं, मूठभर सरकी. मामा एकेक वस्तू तळहातावर घोळवत, बोटांत फिरवत, आणि पुष्कळदा परत ठेवून देत. भाजी घेणाऱ्या बायकासुद्धा इतकी चिकित्सा करत नाहीत.

"यात बघता तरी काय?" मी एकदा विचारलं.

"चालता चालता वाजेल थे नको. बसलो त टोचेल थे नको. अन् हरवलं त रडू येईल थे त बिलकुलच नको."

मग कोट चढवून ते अंगणात येरझारा घालत. माझं काम पायरीवर बसून कान देण्याचं. "मास्तर, सांगा, काय वाजून राह्यलं?" मी डोळे मिटून गंभीरपणे म्हणायचो, "डावीकडे डबी." की लगेच डबीत कापसाचा बोळा बसे आणि पुन्हा फेरी सुरू. शाळेत माझ्या मताला एवढी किंमत कधी मिळाली नाही.

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते. बोटाच्या पेरामागे सहज दडेल असा एक कोरा चकचकीत पैसा मी मोठ्या हौसेनं मामांना नेऊन दिला. त्यांनी तो उन्हात धरला आणि माझ्या हातावर परत ठेवला. "नव्या चीजेकडे लोकं टक लावून पाह्यतात, मास्तर. मले असं सामान पाह्यजे, का समोर असूनबी कोनाले दिसत नाही. आता सुपारी घ्या. सुपारीकडे कोन पाह्यते?"

कोटाच्या प्रत्येक खिशात काही ना काही जाई. उजवीकडचा खालचा खिसा मात्र कायम रिकामा. मी विचारलं की मामा म्हणत, "थो आराम करून राह्यला." आता, मी वाईट माणूस नाही, पण झाकण दिसलं की उघडून बघायचं, ही माझी लहानपणापासूनची व्याधी आहे. एके दुपारी मामा झोपलेले, कोट ओसरीवर खुंटीला. मी त्या खिशात हात घातला. बोट आरपार अस्तरात गेलं.

कोडं सुटलं! बिचाऱ्याचा खिसा फाटका, म्हणून रिकामा ठेवतो. आणि सांगायची लाज वाटते म्हणून थट्टेवारी नेतो. माझा ऊर भरून आला. मी कोट घेऊन तसाच बाजारात शिंप्याकडे गेलो आणि मामा उठायच्या आत परत खुंटीला लावला. उपकाराची वाच्यता करू नये, असं मी वर्गात शिकवत असे.

दुसऱ्या दिवशी नेरला लग्न होतं. शाळेला सुट्टी, म्हणून मीही सोबत गेलो. कोट चुरगळू नये म्हणून मामा एसटीच्या बाकावर कडेला ताठ बसलेले, आणि मी शेजारी बसून त्यांना खिशाचा पत्ता कधी लागतो याची वाट बघतोय.

बुंदीला उशीर झालाच. जानोशात वऱ्हाड पेंगत, धुसफुसत होतं. त्यातही नवरदेवाकडचे थोरले जावई विशेष. त्यांना सकाळी चहा थंड मिळाला होता आणि तेव्हापासून ते भांडण शोधत होते. मामांनी नेमकी त्यांचीच अंगठी मागितली. हा त्यांचा दर वेळी शेवटी करायचा खेळ, ज्याच्यासाठी लोक त्यांना लांबून बोलवत. अंगठी सगळ्यांच्या देखत कोटाच्या उजव्या खिशात टाकायची, मालकानं स्वतः हात घालून पाहायचं, खिसा रिकामा. आणि मग अंगठी कुणाच्या तरी पागोट्यात निघायची.

"अंगठी गेली जवाईबापू," मामा म्हणाले. "इस्वास नाही ना? घाला हात."

जावयांनी हात घातला आणि अंगठी बाहेर काढली.

"हे काय? इथंच त हाय!"

मामांचा हात पटकन खिशात गेला. कोपरा चाचपला. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे मात्र दुसऱ्याच माणसाचे झाले. जावयांना सकाळपासून हवं होतं ते सापडलं होतं. ते उभे राहिले.

"गेली म्हने! खिशात दाबून राह्यला होता भाऊ! पोरीवाल्याईनं आमच्या अंगठ्या काढाले मानूस ठेवला काय?"

जानोशात एकदम गलका झाला. कुणी मामांची बाही धरली. मुलीचा बाप धावत आला आणि कुणापुढे हात जोडावेत ते न कळून सगळ्यांपुढेच जोडत राहिला. दुसऱ्यांच्या अंगठ्या हातात घेणाऱ्या माणसाला 'चोर' हा शब्द एकदा चिकटला, की पुन्हा कुणी बोट पुढे करत नाही. मामांना एका वाक्यात सुटता आलं असतं. पण ते वाक्य म्हणजे त्यांची सगळी विद्या. ते गप्प उभे राहिले.

मी राहिलो नाही. बाजेवर चढून ओरडलो, "मामा चोर नाहीत! त्यांच्या खिशाला भोक आहे! म्हणजे होतं! अंगठी अस्तरात पडते आणि ते दुसऱ्या बाजूने काढतात! काल मीच खिसा शिवून आणला!"

जावयांनी खिसा उलटा केला, नवे टाके बघितले, आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. मग सगळा जानोसा हसला. बुंदी आली, पंगत झाली, लग्न लागलं. मामांची अब्रू वाचली, आणि त्यांचा खेळ मी सगळ्या नेरला समजावून दिला होता.

परतीच्या एसटीत मामा बोटानं खिशाचे टाके चाचपत होते. दारव्हा मागे पडल्यावर म्हणाले, "शिलाई मजबूत हाय, मास्तर. कोनाकडून केली?"

मी शिंप्याचं नाव सांगितलं.

कोट पेटीत गेला. नेरची गोष्ट दिग्रसात पोचली; रस्त्यात पोरं "मामा, भोक दाखवा!" म्हणून मागे लागत. एका लग्नाचं बोलावणं आलं, तेही मामांनी फिरवलं. "थे मले नाही, भोक पाहाले बलावून राह्यले." मामी मला रोज भिंतीवरून ताकाचा पेला देत, तो बंद झाला. अंगणातल्या येरझारा थांबल्या, आणि मी रिकाम्या पायरीवर बसून काहीच न वाजणं ऐकत असे.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. "मास्तर, कान द्या!" कोट अंगात होता. गावातल्याच एका रुईच्या व्यापाऱ्याकडे लग्न होतं. मी मागे, खांबाआड उभा राहिलो. मामा पंगतीत शिरले तशी पोरं ओरडली, "भोक! भोक!"

"हाव ना, तेच दाखवाले आलो," मामा म्हणाले. त्यांनी उजवा खिसा बाहेर काढला, भर पंगतीत दाताने टाके तोडले आणि भोकात बोट घालून दाखवलं. ज्याला हवं त्यानं बोट घालून पाहिलं. "आमचे एक शेजारी हायेत. मास्तर. लय शिकलेले..." आणि त्यांनी नेरची सगळी हकिगत सांगितली, माझ्या बाजेवर चढण्यासकट. लोक पत्रावळीवर पडून हसत होते. हसता हसता त्यांनी नवरदेवाची अंगठी खिशात टाकली. "आता कुठं गेली? अस्तरात. चाचपा."

नवरदेवानं अस्तर चाचपलं. लागलं काहीतरी. भोकातून ओढून काढलं, तर सुपारी.

"मंग अंगठी?" मामांनी विचारलं. "तुमच्या शेल्याची गाठ पाहा बरं."

गाठीत अंगठी होती. तोवर सगळ्यांचे डोळे त्या खिशावर होते, माझेही. मी तर ते भोक स्वतः शिवून आणलेला माणूस!

तेव्हापासून मामा जिथे गेले तिथे माझी गोष्ट घेऊन गेले. मी त्यांच्या सामानात जमा झालो होतो. टोचत नव्हतो, हरवलो तरी कुणी रडलं नसतं. वाजत मात्र फार होतो, पण एवढ्यापुरता त्यांनी नियम मोडला. अंगठी शेल्यात जाते कशी, हे मी त्यांना शेकडो वेळा विचारलं. दर वेळी एकच उत्तर: "सांगतो ना. घाई काय हाय?"

माझी बदली मुकुटबनला झाली. मामा बसपर्यंत पोचवायला आले, कोट घालून. मी खिडकीतून पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "पुढच्या खेपी." पुढच्या खेपेला मी आलो तेव्हा मामा नव्हते. छातीत कळ येऊन गेले, जिनचा भोंगा वाजायच्या वेळेला.

मामींनी मला ताक दिलं आणि कोट समोर ठेवला. "त्याईनं तुमाले देजो म्हनलं होतं." मी कोट मांडीवर घेतला. खिशात बोट घातलं, अस्तर शिवणीशिवणीनं चाचपलं. एक सरकी निघाली, बाकी काही नाही. न राहवून मी विचारलं, "मामी, ती शेल्याची अंगठी... तुम्हाला ठाऊक होतं का हो?"

"हाव. मले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं."

"मग मलाच का नाही सांगितलं?"

मामींनी माझ्या पुढचा रिकामा पेला उचलला.

"थे म्हनत, मास्तर मानूस भला हाय. म्हनून त्याले काहीच सांगू नोको."