मंजू ओलीस सोडवायला शिकते

आमच्या घरी हसायला टीव्ही लावावा लागत नाही. माझी नात मंजू सक्करदरा ठाण्याची फौजदारीण. ती ते जाडं गाईडबुक घेऊन आली, तेव्हापासून एक किस्सा सांगून होत नाही, तर दुसरा तयार! कोणी कोणाला कोंडून धरलं, तर बाहेरून बोलून कसं सोडवायचं, हे त्यात आहे. या प्रशिक्षणाला ठाण्यातून नाव हिचंच गेलं. बोलण्यात चूक झाली, तर आत एखाद्याचा जीव जायचा! म्हणून पोरगी उठता-बसता पाठ करायची. आणि सराव? आमच्यावर!

पुस्तक म्हणतं, समोरच्याचे शेवटचे शब्द परत म्हणा, तो बोलत राहतो.

मी म्हटलं, "भाजी खारट झाली वं."

"खारट झाली?"

"मीठ जास्त पडलं."

"जास्त पडलं?"

"कानाचं मशीन मले पाहिजे का तुले!"

*

एका रविवारी मी गुंड झाले. माझा मुलगा सुरेश, म्हणजे मंजूचा बाप, ओलीस. खोलीची कडी आतून लावली आणि मागणी केली गरम वडाभाताची!

बाहेरून मंजूचा गोड आवाज, "ताट देतो आजी, बाबाले सोड."

सौदा पक्का. ताट आत आलं. मी म्हटलं, "जाय गा सुरेश, सुटला तू!"

ओलीस ताट स्वतःकडे ओढत म्हणतो, "थांब न आई, अजून एक माग!"

*

मंजूसोबत खापरखेड्याचे एक हवालदार शिकत होते. तिकडे एक जण घरी भांडून पाण्याच्या टाकीवर चढला. नातेवाइकाला मध्ये आणू नका, हे पान हवालदारांनी वाचलंच नव्हतं! गडी अर्धा उतरला होता, तेवढ्यात यांनी त्याच्या कामठीच्या सासऱ्यालाच पुढे केलं. गडी सरसर टोकावर!

"आधी यांले कामठीच्या ऑटोत बसवा, मंग उतरतो!"

बसवलं. उतरला!

*

आणि मग खरी वेळ आली. भरदुपारी एका माणसानं आपल्या चिमुकल्या पोरीला घेऊन दार लावलं. बायको पोरीला माहेरी घेऊन निघाली होती. याच्या कडेवर पोर, हातात सुरी. बाहेर खिडकीच्या गजांशी आमची मंजू. ती बोलतेय, बोलतेय, तो काही ऐकेना.

एकदम त्यानं विचारलं, "तुझे हात काहून थरथरून राहिले?"

"पहिलीच वेळ आहे जी दादा. लय भेव लागून राहिलं."

त्यानं पोरीला कडेवर सावरलं. मग म्हणाला, "थांब, पाणी आणतो."

गिलास धरायला हात मोकळा पाहिजे. सुरी खिडकीत ठेवून तो आत वळला. मंजूनं ती अलगद बाहेर ओढली.

तो परत आला. रिकामी खिडकी पाहिली. मंजूकडे पाहिलं. गजातून गिलास पुढे केला.

"आधी पाणी पे वं बाई. मंग कडी काढतो."