हळदीची सीडी

नांदेडात माझा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी लग्नाच्या शूटिंगच्या एकेका घरी तीन भागांच्या तीन सीड्या जायच्या. रिकाम्या सीड्या मी हैदराबादहून आणायचो, स्वस्त, बिननावाच्या, पापडासारख्या चळतीनं. चांगल्या मिळत नव्हत्या असं नाही, पण म्हटलं, कोण बघतंय! वरून नवरा-नवरीच्या फोटोचा चकचकीत स्टिकर डकवला की लोक खूश. सीडी एकदा घरी पोचली की मूळ कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला घ्यायची. सगळेच असं करायचे, असं मी अजूनही सांगतो, आणि सांगताना माझीच मला चीड येते.

गेल्या महिन्यात अर्धापूरची एक बाई आली. तिच्या लग्नाचं शूटिंग मीच केलेलं. आता धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. ही धाकटी तेव्हा मांडीवरची पोर, आणि आई त्याच वर्षी वारली. हळदीला आईनं म्हटलेलं गाणं त्या सीडीत होतं. तेवढं मोबाइलवर करून द्या म्हणाली, धाकटीच्या हळदीला लावायचंय.

"तिला आईचा आवाज आठवतच न्हाई, भाऊ. दुसरीकडं कुठंच न्हाई तो."

मी तिनं आणलेलं सीडीचं कव्हर उघडलं. स्टिकर सुटून आला होता आणि सीडीचा चंदेरी थर सोलून त्यालाच चिकटला होता. हातात राहिलं नुसतं प्लास्टिक. त्याच्यातून आरपार तिचा पदर दिसत होता. हलकी सीडी माझी, स्टिकर माझा, त्याचा गोंदही माझाच. आणि तोंडातून काय निघावं?

"ताई, उन्हात ठेवली असेल."

इतकं सहज बोलून गेलो मी! ती विचारात पडली. मग म्हणाली, हाव, टीव्हीवरच असायची, खिडकीतून दुपारचं ऊन यायचं तिथं. कॅसेट तरी असेल का, असं तिनं भीत भीत विचारलं. ती पण खराब झाली, असं मी सांगितलं. एका खोट्यावर भागलं नाही माझं.

तिनं ते प्लास्टिक परत कव्हरात घातलं, पिशवीत नीट ठेवलं.

"माफ करा भाऊ. तुमी तर लई चांगलं करून दिलं होतं. धाकटीला सांगते, माझ्याच हातानं गेला आईचा आवाज."

ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली, तरी माझं तोंड उघडलं नाही.