आबांच्या पद्धतीचं विमान

विमान बांधणं हे होडी बांधण्यासारखंच असतं, असं आमच्या आबांचं ठाम मत आहे. आबांनी उभ्या आयुष्यात एकही विमान बांधलेलं नाही.

होड्या मात्र त्यांनी ढिगाने बांधल्या. मालवणच्या बंदरात दुसऱ्याने बांधलेली कुठलीही होडी दाखवा, आबा तिला नावं ठेवतात. स्वतः बांधलेल्या होडीला 'चलात', म्हणजे चालेल, एवढंच म्हणतात. (माझ्या बायकोला बघायला गेलो होतो तेव्हाही 'चलात'च म्हणाले होते. सुनंदा ते अजून विसरलेली नाही.) मी त्यांचा एकुलता एक मुलगा, आणि झालो बँकेतला कारकून! लहानपणी माझ्या हातात रंधा दिसला की आबा तो काढून घ्यायचे आणि चारचौघांत सांगायचे, "ह्येच्या हातात लाकूड गेला काय ता रडाक लागता." निवृत्त झालो तरी ते मनातून जात नव्हतं. एकदाच, आयुष्यात एकदाच आपण लाकडाचं काहीतरी करावं आणि आबांनी ते बरं झालं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

त्यामुळे पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या गौरीने "बाबा, रिकामे बसू नका" म्हणून ग्लायडरचा संच पाठवला, तेव्हा मला ती संधीच वाटली. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. पतंगासारखं दोरीने वर ओढायचं. वर गेलं की दोरी आपोआप सुटते आणि ते तरंगत खाली येतं. खोक्यात बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या, बरगड्या आणि वर चढवायला लाल फिल्म होती.

आबांनी एक बरगडी उचलून कानाशी वाजवली.

"ह्या लाकूड काय कुरमुरो?"

"आबा, विमान हलकाच लागता."

"हलकी वस्तू वाऱ्यार टिकता काय? बांधतलंस तर नीट बांध. माझा नाव घालवू नको."

मी नीट बांधलं. बरगड्या चिकटवल्या, शेपटी बसवली आणि सुनंदाची इस्त्री घेऊन फिल्म चढवायला बसलो. ही फिल्म गरम इस्त्रीने चिकटते आणि आक्रसून मृदंगासारखी ताणून बसते. एकही सुरकुती नाही! खरं सांगतो, माझं मलाच कौतुक वाटलं. मी पंख आबांपुढे धरला. आबांनी होडीची फळी तपासावी तसा त्यावर अंगठा दाबला. अंगठा पलीकडून बाहेर आला.

"गळतला ह्या," आबा म्हणाले.

"आबा, विमानात पाणी खंयसून येतला?"

"पावसात उडतला मा?"

इथेच मी चुकलो. भोकावर फिल्मचा तुकडा लावला असता तर गोष्ट तिथेच संपली असती, पण पडवीत होडीच्या डागडुजीतलं फायबरचं कापड आणि ते चिकटवून दगडासारखं कडक करणारं रेझीन उरलेलं होतं, आणि आबा म्हणाले, "एक हात फायबर मार." मी मारला. आबांनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हां."

हां! मला! त्या 'हां'साठी मी अख्ख्या घराला फायबर मारलं असतं.

एक पंख जड झाला म्हणून दुसऱ्यालाही मारला. पंख झाले म्हणून पोटाला मारला. पोटाला मारल्यावर शेपटीने काय पाप केलं होतं? दर हाताला आबांचा एक 'हां' मिळत होता आणि मी पाघळत होतो. फिल्म कुठे गेली ते दिसेनासं झालं.

"अवो," सुनंदा म्हणाली, "विमान करतास काय पाण्याची टाकी?"

तेवढ्यात गौरीचा फोन आला. "बाबा, पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोलून बघा. शेपटीकडे कललं तर नाकात थोडंसं वजन घाला. अगदी थोडंसं हं!"

दोन बोटांवर ते उचलेना. शेवटी पडवीच्या वाशाला दोरीने टांगलं. शेपटी धाडकन खाली! आबांनी जुना पाग आणला. ह्या फेकायच्या जाळ्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात. आबा एकेक गोळी सोडवून देत होते आणि मी नाकात भरत होतो. नाक खाली आलं तेव्हा पागाला एकही गोळी उरली नव्हती.

"बाबा, वजन किती झालंय?" गौरीने पुन्हा फोन करून विचारलं.

"हलकंच आहे गं," मी म्हणालो. खोटं बोलायला फोन फार सोयीचा.

सकाळी आम्ही विमान किनाऱ्यावर नेलं. मी पुढून धरलं होतं, सुनंदाने मागून. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला आलेली मंडळी ते सोडून भोवती जमली. नवी होडी देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय पाण्यात जात नाही, तर विमान कसं जाणार? आबांनी नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ पुढे धरला आणि खड्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज माझ्या झिलान जा काय बांधल्यान हा, ता वर जांव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रापणकर ओरडले.

"वर गेला तर खाली येव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या टकलेर पडूक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यात मोठा झाला.

वारा जमिनीवरून समुद्राकडे होता. वाऱ्याच्या तोंडावर पळायचं, म्हणून मी दोरी घेऊन सुरूच्या बनाकडे धावत सुटलो. मागे पाण्याच्या कडेला दोन रापणकरांनी विमान डोक्यावर धरलं होतं. दोरी ताणली आणि माझा खांदा निखळायची वेळ आली, पण आबा बघत होते, म्हणून दात-ओठ खाऊन ओढत राहिलो. "सुटला! सुटला!" असा गलका झाला. मागे वळून बघतो तर विमान खरोखर हवेत! पुरुषभर उंचीवर ते क्षणभर थांबलं, विचार केल्यासारखं डावीकडे वळलं, दोरी सोडून समुद्राकडे गेलं आणि पोटावर धप्पकन पाण्यात बसलं.

मी वाळूत मटकन बसलो. संपलं! आता हा माणूस मरेपर्यंत हेच सांगणार.

पण ते बुडेना. दोन्ही पंख पसरून ते लाटांवर ऐटीत डोलत होतं, आणि वारा मागून लागला तसं सरळ खोल पाण्याकडे निघालं.

"होडी सुटली रे!" रापणकर ओरडले आणि दोघे पात, म्हणजे छोटी होडी, घेऊन मागे गेले. त्यांनी ते आणून आबांपुढे ठेवलं. आबांनी पोटाचं झाकण उघडून आत हात घातला, सगळीकडे चाचपलं आणि कोरडा हात बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. पाण्याचा थेंब नव्हता.

"बरा झाला," आबा म्हणाले. चारचौघांत म्हणाले! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग त्यांनी पंखांकडे बोट दाखवलं. "पण ह्ये दोन फळये कित्याक लावलंस रे? वल्हवताना आड येतले."

"काढतंय, आबा," मी म्हणालो, आणि करवत आणायला घरी पळालो.