पंधरा दिवस आणि बारा हजार किलोमीटर

माझी नात आता सहा महिन्यांची आहे आणि चांगली गुटगुटीत आहे. तेव्हा ते सगळं आता उगाळून काय उपयोग, असं घरचे म्हणतात. म्हणोत बापडे.

पहिलं बाळंतपण माहेरी, यावर दोन्ही घरांचं एकमत होतं. लेक टोरांटोला. सातव्या महिन्यात निघायचं तिनं ठरवलं, तिकीटही काढलं. मी कॅलेंडर बघितलं तर ऐन पितृपक्ष. पोटुशी पोरगी पितृपक्षात प्रवासाला निघणार? मी हटून बसले. "पंधरा दिवसांनी काय बिघडतंय? घटस्थापना झाली की ये." ती "आई, तू पण ना!" म्हणाली आणि तिकीट पुढं ढकललं.

त्याच पंधरा दिवसांत तिचं ब्लडप्रेशर वाढलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. मग मीच जायचं ठरवलं. व्हिसाचा अर्ज भरला, तो कुठं अडकला ते कुणालाच सांगता येईना. रोज मोबाईलवर बघायचं, रोज तेच उत्तर, विचाराधीन.

त्या दिवसांत आमच्या ह्यांना नवाच नाद लागला. हे मूळचे बिडकीनचे, अंतर म्हणजे एसटीनं किती तास, एवढाच यांचा हिशोब. मोबाईलवर दोन शहरांची नावं टाकली की नकाशावर एक वाकडी रेघ उमटते आणि खाली हवाई अंतर येतं, बारा हजार किलोमीटरच्या वर. हे रोज ते काढून मला दाखवायचे. "लई लांब नाय बघ. इथून दिल्ली, तिथून एकच विमान. दीड दिवसात पोचतीस." जसं काही विमानच अडून बसलं होतं! एकदा मी चिडून म्हणाले, "रेघ बघून पोरीचं बाळंतपण होतं का?" त्यानंतर त्यांनी दाखवणं बंद केलं, बघणं नाही.

शहागंजातून आणलेला डिंक, खारीक, अळीव डब्यांत भरून ठेवलं होतं. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली होती. त्यांच्या घड्या मी रोज मोडायची, रोज घालायची. चूक माझी होती. कुणी मला तसं म्हणालं नाही, लेकसुद्धा नाही, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

दिवस भरायच्या आधीच तिला कळा सुरू झाल्या. आमच्याकडे सकाळचे दहा, तिकडं रात्र. जावयांनी दवाखान्यातून व्हिडिओ कॉल लावला. तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते. ते मागं सारायला कुणी नव्हतं. जावयांच्या एका हातात फोन, दुसरा तिनं घट्ट धरलेला. "केस मागं घ्या हो तिचे," मी सांगतेय, त्यांना ऐकू जात नाही. तेवढ्यात ती जोरात ओरडली, "आई गं!" मी घाबरेन म्हणून बिचाऱ्यांनी फोन बंद केला.

"आले गं, आले," मी म्हणत होते.

"कुठं निघालीस?" ह्यांनी विचारलं, तेव्हा मी पायांत चपला घालून जिन्यापर्यंत गेले होते.