सिरपूरच्या देवळातलं कुंकू

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन चुकेल. कोणी वाचलंच तर माफ करा.

आज शेजारच्या बांधकामावर विटा भिजवल्या आणि त्या वासानं सिरपूर आठवलं. महानदीकाठचं जुनं विटांचं देऊळ पाहायला यांच्या ऑफिसातल्या बायकांबरोबर रायपूरहून गेलो होतो. आईही होती. तिनं दारावरच्या मूर्तीला कुंकू लावलं.

चौकीदार ओरडला, "किसकी अम्मा है ये? जुर्माना लगेगा!"

बायका हसल्या. मला आईची लाज वाटली. मी भिंतीवरची नक्षी बघत राहिले. शेवटी त्या बायकांमधल्या वर्मा दीदींनी दंडाचे पन्नास रुपये भरले.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन त्यांच्या घरी गेली. "तवा माही पोट्टी नदीवर होती, नाहीतं तिनंच भरले असते," ती म्हणाली. मी तिच्या मागेच उभी होते. तिनं पदराची गाठ सोडून पूर्ण पन्नास रुपये दीदींच्या हातावर ठेवले.