माझी कावीळ आणि सासूबाईंचं लोणचं

मला कावीळ झाली तेव्हा आमच्या घरात गुन्हेगार पाच मिनिटांत सापडला. सासूबाई महिनाभरापूर्वी पुण्याहून सिंगापूरला आल्या होत्या आणि त्यांच्या बॅगेत घरी घातलेल्या लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. डॉक्टरांनी हेपॅटायटिस ई म्हटल्याबरोबर नवऱ्याने फोनवर शोधून वाचून दाखवलं: भारत, दूषित पाणी. झालं. मी दोन वर्षांत भारतात गेले नव्हते, म्हणजे आजार त्या बॅगेतूनच आला असणार.

डॉक्टरांनी मात्र आणखी एक विचारलं होतं. डुकराचं मांस, लिव्हर, असं काही अर्धवट शिजलेलं खाल्लं का? उत्तर नवऱ्यानेच दिलं. आम्ही पूर्ण शाकाहारी, असं तो जरा अभिमानानेच म्हणाला. मी पिवळे डोळे खाली घातले आणि मान डोलावली.

खरं असं की रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मी दर गुरुवारी दुपारी हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, जेवायला जायचे. पहिलं वर्ष घरचा डबा खाल्ला, मग एकदा एकीच्या वाडग्यातलं चाखलं, आणि नंतर माझा स्वतःचा वाडगा आला. पोर्क लिव्हर पॉरिज, म्हणजे डुकराच्या लिव्हरची पेज. तांदळाच्या उकळत्या पेजेत लिव्हरचे पातळ काप अगदी शेवटी टाकतात. जास्त शिजले की चिवट होतात, म्हणून आत गुलाबी असतानाच उतरवा, असं त्या स्टॉलवाल्या अंकलना मीच सांगायचे. घरी येण्याआधी बडीशेप चघळायची आणि रात्री वरणभातावर तूप मागून घ्यायचं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, मला ते आवडायचं. चोरून खाण्याची मला तेव्हा लाजही वाटली नाही. लाज पुढे वाटायची होती.

नवरा आईला बरंच बोलला. उन्हात वाळवलेल्या बरणीला कोरड्या चमच्याशिवाय हात न लावणाऱ्या बाईला त्याने स्वच्छतेवर ऐकवलं. त्या एकदाच म्हणाल्या, "अरे, लोणच्यात पाणी नसतं." पुढे वाद घातला नाही. ते लोणचं आम्ही तिघांनीही खाल्लं होतं आणि आजारी पडले होते मी एकटी, हे नवऱ्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी कूस बदलून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती बरणी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या शूटमध्ये, म्हणजे कचरा थेट तळमजल्यावर नेणाऱ्या नळकांड्यात, टाकली. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. ती खाली जाऊन फुटल्याचा आवाज मला बिछान्यात ऐकू आला.

त्यानंतर त्यांनी स्वयंपाक सोडला. एरवी एकट्या लिफ्टनेही खाली न जाणाऱ्या सासूबाई विचारत विचारत बसने लिटिल इंडियातल्या भारतीय दुकानांत गेल्या आणि माझ्यासाठी काळ्या मनुका घेऊन आल्या. मनुका भिजवायला पाण्याची बंद बाटली आणली, तिचं सील माझ्या डोळ्यांसमोर तोडलं आणि विचारलं, "माझ्या हातचं चालेल ना गं तुला?"

मी चालेल म्हणाले. एवढंच म्हणाले.

पुढच्या तपासणीला मी एकटी गेले आणि डॉक्टरांना गुरुवारचा वाडगा सांगून टाकला. त्यांना नवल वाटलं नाही. इथे हा आजार बहुतेक तसाच होतो, लोणच्याकडे बोट दाखवायचं कारण नाही, म्हणाले. एमआरटी मेट्रोत उभ्याउभ्या मी घरी सांगायचं वाक्य जुळवत आले. दार सासूबाईंनीच उघडलं, डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. मी सांगितलं की आता बरं आहे, पण कशाने झालं ते काही सांगता येत नाही म्हणे. त्यांनी मान हलवली आणि हात धुवायला गेल्या. त्या दिवसांत त्या सारख्या हात धुवायच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर समोर उभा राहून बघत होता. मला माझी किळस आली.

यंदा त्या पुन्हा आल्या. बॅग उघडून त्यांनी सगळ्यात आधी लोणच्याचं प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. आयुष्यात त्यांनी कधी विकतचं लोणचं घरात येऊ दिलं नव्हतं.

"कंपनीचं आहे," त्या म्हणाल्या. "तारीख बघून घेतलंय. माझा हात लागलेला नाही, तू निर्धास्त खा."

मी चमचाभर वाढून घेतलं आणि छान आहे म्हणाले.