कांडणाच्या गाण्यातला कोंबडा

एनेलेसी टाइपरायटरवर बसली की लिंबे शहरातल्या त्या सरकारी कचेरीत बाकीच्या बायका गप्पा थांबवून ऐकत, इतकी तिची बोटं झरझर चालत. बाई तशी नटवी. घरी मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळायला नवऱ्याला बसवते अशी बोलवा होती. खरंखोटं तो नवरा जाणे. पण भित्री इतकी, की भिंतीवरच्या राष्ट्राध्यक्षांच्या तसबिरीकडे पाठ करून कधी शिंकलीसुद्धा नाही. भ्यायला कारणही होतं. तिच्या गल्लीतल्या एका मास्तरांना कवितेपायी पोलिसांनी उचललं, त्याला दोन वर्षं झाली. मास्तरांच्या बायकोशी नळावर कुणी बोलत नसे. एनेलेसीसुद्धा नाही.

कचेरीचं काम लिखाण तपासण्याचं. काय छापायचं नि काय गाडायचं, ते कांबालामे साहेब ठरवत.

एका मंगळवारी कॉलेजच्या मासिकातली एक कविता टाइप करताना तिची बोटं थांबली. कविता इंग्रजी, पण शब्द तिच्या आईचे! म्हातारा कोंबडा छपरावर चढलाय, उतरत नाही, पिल्लांना आरवू देत नाही. आणि खाली चुलीवर पाणी उकळतंय. डेड्झाच्या डोंगरात मका कांडताना आई हेच गायची. हातात मुसळ असताना बाईनं कुणालाही काहीही म्हणावं, त्याचा राग धरायचा नाही, अशी तिकडची रीत. शाळेत एनेलेसीनं कधी न पाहिलेल्या बर्फावरच्या कविता घोकल्या होत्या. आईचं उखळही छापायच्या लायकीचं असतं, हे तिला पस्तिसाव्या वर्षी कळलं. ऊर भरून आला, आणि लगेच नजर तसबिरीकडे गेली. सत्ताधारी पक्षाची निशाणीच कोंबडा होती.

साहेबांनी कविता वाचली नि हाक मारली. "एनेलेसीबाई, तुम्ही खेड्यातल्या. हा कोंबडा कोण?"

खरं सांगावं तर लिहिणाऱ्या पोराला तुरुंग. खोटं पकडलं गेलं तर तिला.

"सासू, साहेब."

"कोंबडा म्हणजे सासू?"

"आमच्याकडच्या आरवतात, साहेब."

"असं? म्हणून दाखवा."

उखळ नाही, मुसळ नाही, समोर तसबीर. टेबल धरून ती गायली. शेवटी जागच्या जागी एक कडवं रचून जोडलं: सासू छपरावरून सुनेचे घास मोजते.

"हे कडवं यात नाही."

"लिहिणारा पुरुष, साहेब. कुंपणाआडून अर्धंच ऐकलं असेल."

साहेब खो खो हसले. घरी त्यांचीही बायको आणि आई एकाच चुलीशी होत्या. मग दार उघडून त्यांनी पडवीत फरशी पुसणाऱ्या म्हाताऱ्या नाम्वालेला विचारलं, "तूही डेड्झाचीच ना? उद्या सकाळी ये, हेच गाणं म्हणून दाखव. मग शिक्का मारतो."

दार लागलं. एनेलेसी पडवीत उभी राहिली.

"सासू गं कधीपासून?" दाराआडून सगळं ऐकलेली नाम्वाले वर न बघता पुटपुटली. "आमच्या गावात तो कोंबडा म्हणजे गोऱ्यांसाठी कर उकळणारा पाटील होता. आणि आता कोण आहे, ते मला ठाऊक नाही वाटतं?"

एनेलेसी तिच्याजवळ उकिडवी बसली. "मावशी, तुमच्या पाया पडते, कुणाला..."

"पाया नंतर पड. आधी ते सासूचं कडवं शिकव. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर दोघी तुरुंगात जाऊ."

ओलं फडकं फरशीवर आपटत म्हातारीनं कांडणाचा ताल धरला. एनेलेसीनं तोंड उघडलं. कडवं कुजबुजत म्हटलं.

"पुन्हा," नाम्वाले म्हणाली. डोळे मात्र साहेबांच्या दारावर.